ऑनलाइन टीटीआरपीजी कॅम्पेनसाठी सिस्टिम निवडायची कशी?

टीटीआरपीजी म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, मित्रांनी मिळून बोलत, फासे टाकत खेळायची गोष्ट, आणि कॅम्पेन म्हणजे तीच गोष्ट अनेक सेशन पुढे चालू ठेवणं. नवीन ऑनलाइन कॅम्पेन सुरू करायचं ठरलं की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो "सिस्टिम कुठली घ्यायची?" आणि मग नुसती नावं पडायला लागतात, एक म्हणतो डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स), दुसरा म्हणतो छे पाथफाइंडर, तिसरा कुठल्यातरी छोट्या गेमचं नाव टाकतो जे बाकी कुणी ऐकलेलंच नसतं, आणि ज्याने आत्तापर्यंत कधी फासा हातात धरलेला नाही तो बिचारा सगळं वाचत गप्प बसतो कारण यातलं कशाला हो म्हणायचं हेच त्याला कळत नाही. हे सगळं मी मुख्यतः त्याच्यासाठी लिहितोय, आणि त्या जीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरसाठी, कारण शेवटी निर्णय त्याच्या गळ्यात येतो.

आधी सिस्टिम म्हणजे काय ते बघू. चार-पाच जण मिळून बोलत बोलत एक गोष्ट पुढे नेतात, त्यातला एक जीएम, म्हणजे जग, शत्रू, रस्त्यात भेटणारी माणसं हे सगळं त्याच्याकडे, आणि बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर चालवतात. जोवर "मी दार उघडतो" "बरं, उघडलं" असं चाललंय तोवर नियमांची गरजच नसते, पण "मी त्या रखवालदाराच्या नाकाखालून आत सटकतो" असं कुणी म्हटलं की ते जमलं का नाही हे ठरवायला काहीतरी लागतं, तिथे सिस्टिम येते. फासे कुठले, कधी टाकायचे, आकड्याचा अर्थ काय लावायचा, आणि कॅरेक्टर शीटवर, म्हणजे कॅरेक्टरची माहिती असलेल्या कागदावर, काय काय लिहिलेलं असतं, एवढं सगळं मिळून सिस्टिम.

यातलं शीटवालं शेवटचं प्रकरण लोक हलक्यात घेतात. शीटवर जे लिहिलेलं असतं तेच प्लेयर वापरायला बघतो, यात काही गूढ नाही. शीटवर बारा प्रकारचे हल्ले आणि वीस स्पेल (जादूचे मंत्र) असतील तर तो लढाईची वाट बघत बसणार. 'ब्लेड्स इन द डार्क'च्या शीटवर स्ट्रेसचे चौकोन असतात, व्यसन असतं, मनावर झालेल्या जखमा असतात, त्यामुळे तिथे लोक आपोआप कॅरेक्टर किती पिचलंय त्याबद्दल बोलायला लागतात. म्हणून "सगळ्यात भारी सिस्टिम कुठली" या प्रश्नाला उत्तर नाही. "आपले आठवड्यातले तीन तास कशात जावेत असं आपल्याला वाटतं" याला मात्र उत्तर आहे, आणि ऑनलाइन खेळताना तर हा वेळेचा हिशोब फार कडक लागतो, त्यावर पुढे येतोच.

एक प्रसंग घेऊ आणि तो वेगवेगळ्या सिस्टिममध्ये चालवून बघू. रेवा नावाची चोर आहे, रात्र आहे, तिला एका गोदामात शिरायचंय आणि दारापाशी रखवालदार उभा आहे.

डीअँडडीच्या पाचव्या एडिशनमध्ये (ही २०१४ ची, मूळ पुस्तकं २०२४-२५ मध्ये सुधारून पुन्हा आली) रेवाची प्लेयर वीस बाजूंचा फासा टाकते, त्यात तिचा स्टेल्थचा (लपूनछपून वावरण्याचा) बोनस मिळवते, समजा +५, आणि जीएमने अवघडपणा १५ ठरवलाय. म्हणजे फाशावर १० किंवा वर आलं पाहिजे, शक्यता ५५ टक्के. ढग आलेत, रखवालदार पेंगलाय असं काही असेल तर जीएम अॅडव्हांटेज देतो, दोन फासे टाकायचे आणि मोठा घ्यायचा, की तीच शक्यता जवळजवळ ८० टक्क्यांवर जाते. जमलं तर आत, नाही जमलं तर नाही, आणि नाही जमल्यावर पुढे काय होणार ते जीएमने आपल्या डोक्याने ठरवायचं, नियम त्यावर फार काही सांगत नाहीत. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के, त्यामुळे एक्स्पर्ट माणूसही सपशेल तोंडावर पडतो आणि नवशिक्याचं भलतंच जमून जातं, काहींना यात मजा येते, काहींना वैताग येतो.

पाथफाइंडरची दुसरी एडिशन (२०१९) याच घराण्यातली, फासा तोच. पण तिथे ठरलेल्या आकड्यापेक्षा १० ने जास्त आलं तर क्रिटिकल यश आणि १० ने कमी आलं तर क्रिटिकल अपयश. म्हणजे २० हवे असताना ३० आले तर रेवा नुसती आत जात नाही, दणदणीत यशस्वी होते. याचा परिणाम असा की छोटासा +१ सुद्धा दोन्हीकडून कामाला येतो, साधं यश मिळायची शक्यता वाढते आणि क्रिटिकलचीही, म्हणून तिथे मित्राला मदत करणं, शत्रूला घाबरवणं, जागा बदलणं याला खरीखुरी किंमत असते. टर्नमध्ये प्रत्येकाला तीन अॅक्शन, त्या हव्या तशा वापरा. ज्यांना डोकं लावून लढायला आवडतं त्यांच्यासाठी ही मला आजही सगळ्यात नीट बांधलेली सिस्टिम वाटते.

'कॉल ऑफ कथुलू'मध्ये (१९८१ पासून चालू आहे, आता सातवी एडिशन) रेवाच्या शीटवर सरळ स्टेल्थ ४५ लिहिलेलं असतं, म्हणजे ४५ टक्के, शंभराचा फासा टाका, ४५ किंवा कमी आलं की जमलं. जीएमला प्रसंग जास्त अवघड वाटला तर निम्म्याच्या खाली, म्हणजे २२ किंवा कमी, आणि अगदीच अशक्य कोटीतला असेल तर पाचव्या हिश्शात, ९ किंवा कमी. नव्या माणसाला हे समजावायला दोन मिनिटंही लागत नाहीत, टक्केवारी सगळ्यांनाच कळते. नाही जमलं तर प्लेयर रोल पुश करू शकते, म्हणजे वेगळा मार्ग सांगून पुन्हा प्रयत्न, पण यावेळी फसलं तर काहीतरी जास्त वाईट होणार हे आधीच माहीत असतं. भीतीचे गेम इथेच रंगतात.

आता 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) आणि त्यातून निघालेलं सगळं गोत्र, ज्याला लोक पीबीटीए (पॉवर्ड बाय द अपोकॅलिप्स) म्हणतात. दोन साधे सहा बाजूंचे फासे, त्यात एक छोटा बोनस. १० किंवा वर आलं तर पूर्ण जमलं, ७ ते ९ आलं तर जमलं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा खाली आलं तर गोष्ट बिघडली आणि जीएम पुढची चाल करतो. बोनस +१ असेल तर हे आकडे साधारण २८, ४४ आणि २८ टक्के असे पडतात. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा रेवा आत जाणार खरी पण तिचा कंदील बाहेरच राहणार, किंवा रखवालदाराने तिचा चेहरा पाहिलेला असणार. हे "जमलं पण" प्रकरण म्हणजे या सगळ्या गेमचं इंजिन आहे, प्रत्येक रोलनंतर गोष्ट कुठेतरी सरकतेच, "नाही जमलं, पुढे बोला" असं होऊन अडकून पडत नाही. शिवाय बहुतेक पीबीटीए गेममध्ये जीएम फासेच टाकत नाही, लढाईसाठी वेगळा क्रम लावायचा नाही, वेगळा मोड नाही.

आणि 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७), जॉन हार्परचा, खास अशा चोऱ्यामाऱ्यांसाठीच बनवलेला. रेवाची प्लेयर आधी सांगते ती काय करतेय, जीएम सांगतो हे किती धोक्याचं आहे आणि जमलं तर किती फरक पडेल, मग त्या कामातलं तिचं शीटवरचं रेटिंग असेल तेवढे सहा बाजूंचे फासे ती टाकते आणि सगळ्यात मोठा बघते. ६ आला तर जमलं, ४-५ आला तर जमलं पण फटका बसला, ३ किंवा कमी तर वाईट. दोन फासे असतील तर तीही शक्यता बघा, सुमारे ३१, ४४ आणि २५ टक्के. पण फाशांपेक्षा यातली दुसरी एक गोष्ट मला जास्त कामाची वाटते, ती म्हणजे फ्लॅशबॅक. रखवालदार समोर आल्यावर प्लेयर म्हणू शकते की "काल संध्याकाळीच मी याच्या हातावर पैसे टेकवले होते", गरज असेल तसा थोडा स्ट्रेस द्यायचा आणि तो प्रसंग आत्ता खेळायचा. म्हणजे आधी बसून प्लॅन करायची गरजच नाही. ज्यांनी व्हॉइस कॉलवर पाच जणांना दरोड्याचा प्लॅन करताना ऐकलंय त्यांना हे किती मोठं वरदान आहे ते लगेच कळेल, कारण अख्खं सेशन निघून जातं आणि गोदामाचं दार काही उघडत नाही.

रेवा तीच, रखवालदार तोच, पण टेबलवरची चर्चा दर वेळी वेगळी झाली ना, मी म्हणतो तो वेळेचा मुद्दा हाच.

आता ऑनलाइनकडे. समोरासमोर बसून खेळताना वाट बघणं फार जाणवत नाही, शेजारच्याशी कुजबुजता येतं, दुसऱ्याचा फासा घरंगळताना बघता येतो, सगळे एकाच टेबलवर वाकलेले असतात. ऑनलाइन तुमचा टर्न नाही म्हणजे तुम्ही म्यूटवर, आणि शेजारच्या टॅबमध्ये अख्खं इंटरनेट. हिशोब करून बघा, पाच प्लेयर, प्रत्येकाचा टर्न २ मिनिटं, जीएमच्या शत्रूंना मिळून ५ मिनिटं, झाला १५ मिनिटांचा एक राउंड. लढाई चार राउंड चालली तर एक तास, आणि त्या एका तासात प्रत्येक प्लेयर स्वतः खेळला फक्त ८ मिनिटं, उरलेली ५२ मिनिटं ऐकण्यात. आणि २ मिनिटं म्हणजे मी फारच सढळ हाताने चांगले प्लेयर धरलेत, स्पेल वाचत बसणारा एक जण असला की संपलं. म्हणून ऑनलाइनसाठी सिस्टिम बघताना पहिला प्रश्न हा ठेवा की एका माणसाच्या दोन बोलण्यांमध्ये किती वेळ जातो. डीअँडडी किंवा पाथफाइंडर घ्यायचंच असेल तर माझं ठाम मत आहे की तीन किंवा चार प्लेयरवर थांबा, सहा-सात जणांना घेऊन व्हॉइसवर क्रमाने लढाई खेळणं म्हणजे लोकांना दुसरा टॅब उघडायला आपणच सांगणं आहे. पीबीटीए किंवा ब्लेड्समध्ये जीएम बोलण्याचा झोत एकाकडून दुसऱ्याकडे फिरवत राहतो त्यामुळे तेवढं साचत नाही, पण तिथे जीएमला कोण बराच वेळ गप्प आहे याचं भान ठेवावं लागतं कारण क्रम लावून देणारा नियमच नाही, आणि लाजाळू माणूस कॅमेरा बंद करून तासभर अदृश्य होऊ शकतो. म्हणजे एकीकडे नियम तुम्हाला वाट बघायला लावतो पण तुमचा नंबर नक्की आणतो, दुसरीकडे वाट कमी पण नंबर कुणीतरी आठवणीने द्यावा लागतो. तुमच्या ग्रुपात कोण आहेत त्यावर यातलं काय परवडेल ते ठरतं.

दुसरा फरक सॉफ्टवेअरचा. व्हीटीटी म्हणजे व्हर्च्युअल टेबलटॉप, मॅप, टोकन (कॅरेक्टरच्या सोंगट्या), फासे आणि शीट एकाच स्क्रीनवर. रोल२० (२०१२ पासून) ब्राउझरमध्ये चालतं आणि सुरुवात फुकटात करता येते. फाउंड्री (२०२०) जीएमने एकदाच विकत घ्यायचं, प्लेयरना काही घ्यावं लागत नाही, नुसत्या लिंकवरून येतात, पण ते स्वतः होस्ट करायची, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर किंवा सर्व्हरवर चालवायची खटपट असते. आउलबेअर रोडिओ त्याहून साधं, मॅप टाका, टोकन सरकवा. आता यामुळे जड आणि हलकी सिस्टिम हा हिशोब थोडा उलटापालटा होतो. पाथफाइंडर कागदावर खूप जड वाटतं, कुणाला काय कंडिशन लागलीय (घाबरलाय, आंधळा झालाय वगैरे), कुठला बोनस कशात मिळतो, सगळं लक्षात ठेवा, पण फाउंड्रीवर त्यातली बरीचशी बेरीज-वजाबाकी सॉफ्टवेअर करतं, आणि मग तीच सिस्टिम समोरासमोरपेक्षा ऑनलाइन जास्त सोपी जाते. फक्त हे लक्षात घ्या की सॉफ्टवेअर बेरीज करतं, निर्णय घेत नाही. तीन अॅक्शनचं काय करायचं, चौदा स्पेलमधला कुठला टाकायचा, हा विचार माणसालाच करायचाय आणि लढाईतला खरा वेळ तिथेच जातो.

उलट काही हलक्या सिस्टिम ऑनलाइन आल्यावर त्यांची एखादी वस्तू हरवते. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये लढाईचा क्रम पत्ते वाटून ठरतो, टेबलवर ती मजा आहे, ऑनलाइन त्यासाठी व्हर्च्युअल कॅट लागतो. फेटमध्ये फेट पॉइंट, म्हणजे फायदा घ्यायला खर्च करायचे आणि अडचण पत्करली की मिळणारे पॉइंट, द्यायचे-घ्यायचे असतात, टेबलवर टोकन हातातून हातात जातात आणि सगळ्यांना दिसतं कुणाकडे किती उरले, ऑनलाइन ते कुठेतरी कायम दिसत ठेवले नाहीत तर लोक विसरूनच जातात आणि अर्धा गेम न खेळताच राहतो. ब्लेड्समधली घड्याळं, म्हणजे ४, ६ किंवा ८ भाग पाडलेली वर्तुळं जी धोका वाढेल तशी भरायची, ती मात्र ऑनलाइन झकास जमतात, एका शेअर केलेल्या पानावर काढून ठेवा, सगळ्यांच्या डोळ्यासमोर गार्डांचं घड्याळ भरत जातं. शॅडोडार्कमध्ये (२०२३) मशाल खऱ्या वेळातला एक तास जळते, तिथे तर स्क्रीनवर टायमर लावला की काम झालं, आणि तो दिसत राहिला की कुणी टाइमपास करत नाही.

मॅपचं वेगळं सांगायला पाहिजे कारण इथे जीएम मरतो. डीअँडडी आणि पाथफाइंडरमध्ये अंतर, आडोसा, कोण कुणाच्या शेजारी उभं आहे यावर नियम अवलंबून असतात, त्यामुळे मॅप हवाच अशी अपेक्षा तयार होते, आणि ऑनलाइन मॅप म्हणजे चित्र शोधणं, चौकटी जुळवणं, भिंती आखणं, दिवे लावणं, टोकन बनवणं, आणि इतकं करून प्लेयर त्या खोलीत जातच नाहीत. मी जेवढ्या ऑनलाइन कॅम्पेन बंद पडताना पाहिल्यात त्यातल्या बहुतेक एकतर सगळ्यांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून किंवा जीएम दमला म्हणून, सिस्टिमचे नियम वाईट होते म्हणून फारशा नाही. तेव्हा जीएमला आठवड्यात तयारीला किती वेळ खरोखर मिळतो हे त्याने प्रामाणिकपणे सांगावं आणि त्यावरून सिस्टिम धरावी. दोन तास मिळत असतील तर तयार ॲडव्हेंचर (आधीच लिहून ठेवलेली गोष्ट) वापरून डीअँडडी चालेल, अर्धाच तास मिळत असेल तर ब्लेड्स, पीबीटीए किंवा केर्नसारखी छोटी सिस्टिम घ्या, तिथे शत्रूचे आकडे दोन ओळीत मावतात आणि मॅपशिवाय नुसत्या बोलण्यावर काम चालतं.

हजेरीचा प्रश्नही ऑनलाइन जास्त सतावतो, लॉगिन न करणं फार सोपं असतं. तुमच्या ग्रुपात दर आठवड्याला कुणीतरी गळणार असेल तर अशी सिस्टिम बघा जिला ते चालतं. डीअँडडीत एक क्लेरिक (साथीदारांना बरं करणारा पुरोहित) आला नाही की जीएमने मोजूनमापून ठेवलेली लढाई एकदम जीवघेणी होऊ शकते. ब्लेड्समध्ये प्रत्येक काम साधारण एका सेशनात संपतं, जो आला नाही त्याचं कॅरेक्टर अड्ड्यावर थांबलं, बस. जुन्या धाटणीच्या सिस्टिम, ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स, केर्न, शॅडोडार्क, यांच्यात कॅरेक्टर काही मिनिटांत बनतं आणि प्रत्येक सेशनच्या शेवटी सगळे तळावर परत येतात असा नियम ठेवला तर कुणीही कधीही आत-बाहेर करू शकतं. आणि माणसंच कमी असतील, दोघं, किंवा जीएम व्हायला कुणी तयार नसेल, तर आयर्नस्वॉर्न (२०१८) बघाच, तो एकट्याने, जीएमशिवाय मिळून, किंवा जीएमसह असा तिन्ही प्रकारे खेळता येतो आणि मूळ पुस्तक फुकट मिळतं.

टेक्स्टवर खेळणाऱ्यांनी, म्हणजे जे दिवसातून एखादी पोस्ट टाकून महिनोन्महिने कॅम्पेन चालवतात, त्यांनी वरचं सगळं वेगळ्या डोळ्याने वाचावं. तिथे मिनिटांचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे किती वेळा एकमेकांसाठी थांबावं लागतं याचा. डीअँडडीतल्या रिॲक्शन घ्या, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायच्या गोष्टी, शत्रूने स्पेल टाकला, आता कुणी काउंटरस्पेल (तो हाणून पाडणारा स्पेल) टाकणार का? व्हॉइसवर हे तीन सेकंदांचं काम, टेक्स्टवर एक दिवस, कारण ज्याच्याकडे तो स्पेल आहे तो झोपलाय. चार राउंडची लढाई आरामात महिनाभर चालते आणि तोवर आपण का लढतोय हेच लोक विसरतात. पीबीटीएमध्येही ७ ते ९ आलं की प्लेयरने पर्याय निवडायचा असतो, तिथे अर्धा दिवस जातो, पण त्यावर सोपा उपाय आहे, पोस्ट टाकतानाच "७-९ आलं तर मी हे निवडतो" असं लिहून ठेवायचं. आणि डीअँडडीच खेळायचं असेल तर सगळ्या प्लेयरनी कुठल्याही क्रमाने पोस्ट करायचं, मग सगळे शत्रू एकदम, असा गटाने क्रम लावा, खूप फरक पडतो.

मग प्रश्न उरतो तो डीअँडडीचा, कारण खरं सांगायचं तर बहुतेक ग्रुप फिरून फिरून तिथेच येतात. १९७४ पासून चालत आलेला गेम आहे, प्लेयर सहज मिळतात, तयार ॲडव्हेंचर ढिगाने आहेत, मूलभूत नियमांचा संच २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला आहे. हळूहळू ताकदवान होत जाणारे हिरो, राक्षस, लढाया, खजिना, अशी लांबलचक कॅम्पेन हवी असेल तर बिनधास्त घ्या, त्यासाठीच तो बनलाय. माझा आक्षेप फक्त एका गोष्टीला आहे, कुठलीही कल्पना आली की ती डीअँडडीत बसवायला जाणं. समजा खुनाचा तपास हवाय. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे मृतांशी बोलायचा स्पेल असतो, त्याच्या आधीच खोटं बोलू न देणारी जागा तयार करायचा स्पेल मिळालेला असतो, मग तपास कसला उरला, प्रेताला विचारा. समजा भीती हवीय. पाचव्या लेव्हलच्या फायटरकडे ४० च्या आसपास हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) असतात, अंधारातून कुणी सुरा घेऊन आला तर तो म्हणतो येऊ दे. कॉल ऑफ कथुलूमध्ये तपास करणाऱ्याकडे असतात साधारण १०-१२, तिथे सुरा दिसला की सगळे पळतात, आणि पळणं हाच त्या प्रसंगाचा गाभा असतो. जीएम स्पेलांवर बंदी घालून, नियम बदलून हे जमवू शकतो, पण तेवढ्या मेहनतीत दुसरी छोटी सिस्टिम शिकून झाली असती.

स्वतःचंच जग बनवलंय आणि ते कुठल्याच गेमच्या साच्यात बसत नाही असं असेल तर सर्वसाधारण सिस्टिम असतात, गर्प्स (१९८६), सॅव्हेज वर्ल्ड्स (२००३), फेट. गर्प्समध्ये सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज तुमच्या स्किलएवढी किंवा कमी यायला हवी, स्किल १० असेल तर ५० टक्के, १२ ला ७४, १४ ला ९१, म्हणजे तरबेज माणूस खरोखरच तरबेज वाटतो. पण तिथे आधी जीएमने बसून ठरवायचं असतं की या ढीगभर नियमांतले आपण कुठले वापरणार, ते काम अवघड आहे आणि नव्या जीएमला मी ते सुचवणार नाही. फेटमध्ये कॅरेक्टर म्हणजे काही वाक्यं, "कर्जात बुडालेली राजघराण्यातली मुलगी" अशासारखी, आणि ती वाक्यंच फायद्यासाठी नाहीतर अडचणीसाठी वापरायची. ज्यांना स्वतःहून गोष्टीत काही भर घालायला आवडतं ते यात उजळून निघतात, ज्यांना "माझ्यासमोर काय पर्याय आहेत ते सांगा" असं हवं असतं ते गोंधळतात, आणि ऑनलाइन गोंधळलेला माणूस गप्प होतो.

प्रत्यक्ष ठरवताना ग्रुपवर सिस्टिमच्या नावांचा पोल टाकू नका, ज्यांना फक्त एकच नाव माहीत आहे ते त्यालाच मत देणार. त्यापेक्षा प्रत्येकाला विचारा की कसले प्रसंग खेळायला आवडतील, लढाई, कट-कारस्थान, भटकंती, भीती, आपसातली नाती. दर आठवड्याला जमेल का? आणि नियम वाचणार का, खरंच वाचणार का? शेवटच्या प्रश्नाला "नाही" आलं तर त्यात वाईट काही नाही, फक्त मग पाथफाइंडर घेऊ नका. वाचायची तयारी असेल तर त्याचे जवळपास सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर फुकट आणि अधिकृतपणे वाचायला आहेत, म्हणजे पुस्तक नाही ही अडचण राहत नाही. आणि जीएमच्या मताला मी दुप्पट वजन देईन, कारण प्लेयर कंटाळवाण्या सिस्टिममध्येही मित्रांमुळे तग धरतात, पण ज्या नियमांचा जीएमला स्वतःला कंटाळा येतो ती कॅम्पेन तो ओढू शकत नाही.

मग दोनच नावं उरवा आणि दोन्हीचं एक-एक वन-शॉट (एकाच सेशनात संपणारी गोष्ट) खेळा, कॅरेक्टर आधीच तयार करून दिलेली. त्या सेशनमध्ये तीन गोष्टींकडे कान द्या. किती वेळा खेळ थांबवून पुस्तक उघडावं लागलं, सगळ्यात शांत प्लेयर किती वेळा स्वतःहून बोलला, आणि सेशन संपल्यावर लोक कशाबद्दल बोलत होते, नियमांबद्दल की रेवाने रखवालदाराला काय सांगितलं त्याबद्दल. पहिल्या सेशनमध्ये थोडी अडखळ होणारच, ती सोडून द्या. भीतीचे किंवा क्रूर प्रसंगांचे गेम असतील तर कुठले विषय अजिबात नकोत हे वन-शॉटच्याही आधी बोलून घ्या, कॅमेरे बंद असतात, समोरचा अस्वस्थ झालेला आपल्याला दिसत नाही, म्हणून चॅटमध्ये नुसतं एक्स टाइप केलं की प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही, एवढा एक नियम कुठल्याही सिस्टिमवर बसतो.

आणि निवड चुकली असं चार-सहा सेशननंतर वाटलं तर कॅम्पेन बंद करायची गरज नाही, सिस्टिम बदलता येते. मध्येच नको, गोष्टीचा एक टप्पा संपला की करा. आकड्याला आकडा लावून कॅरेक्टर भाषांतरित करायला जाऊ नका, डीअँडडीतल्या +५ चं ब्लेड्समध्ये काही होत नाही. प्रत्येक प्लेयरला विचारा की तुझं कॅरेक्टर आत्तापर्यंत कशात पटाईत दिसलंय, कुणाशी वैर घेतलंय, काय कमावलंय, आणि नव्या सिस्टिममध्ये कोऱ्या शीटवर त्यावरून नव्याने बांधा. जुनी शीट डिलीट करू नका, पहिली दोन सेशन तरी कुणीतरी विचारतंच की माझ्याकडे ती चावी होती ना.